जातीचा रकाना आणि आपला अर्ज

(झाशीतल्या मराठी रेल्वे कुटुंबांतले आणि महाराष्ट्रातून इथे शिकायला आलेले विद्यार्थी यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती काढून इथे देत आहे.)

 

गेल्या दोन महिन्यांत तुमच्यापैकी तिघा-चौघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "ताई, यूएनडीपी, युनिसेफ, वर्ल्ड बँक अशा ठिकाणी आकडेवारीची इंटर्नशिप असते म्हणतात. तिथे आपल्यासारख्यांना घेतात का?" आज त्यावरच बोलायचं आहे. घेतात. पण अर्ज करण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात: आपण तिथे का जायचं, पैशाचं काय करायचं, आणि अर्जात काय लिहायचं. त्याच क्रमाने सांगते.

आधी माझ्याविषयी दोन वाक्यं. मी भुसावळची. समाजशास्त्रात एमए केलं, आता पीएचडी करते आहे आणि त्याच्या क्षेत्रकामासाठी इथे बुंदेलखंडात राहते. मध्ये तीन महिने दिल्लीत अशाच एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आकडेवारी विभागात इंटर्न होते. तिचं नाव घेत नाही, कारण मला तिची जाहिरात करायची नाही आणि तक्रारही मांडायची नाही.

का जायचं, हे समजण्यासाठी १९३२ सालात जाऊ. मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवायला लोथियन समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. तोवर देशात अस्पृश्य किती, यावर कोणी फारसं भांडत नव्हतं. जनगणना आकडे देत होती, लोक ते मानत होते. पण संख्येवर प्रतिनिधित्व मिळणार असं दिसल्याबरोबर वाद सुरू झाला. आपण बसलो आहोत तो प्रदेश तेव्हा संयुक्त प्रांत होता. जनगणनेच्या हिशेबाने इथे अस्पृश्यांची संख्या कोटीच्या घरात होती. प्रांतिक समितीने ती काही लाखांवर आणली. माणसं मेली नव्हती, स्थलांतर झालं नव्हतं. फक्त अस्पृश्य कोणाला म्हणायचं याची व्याख्या बदलली. बाबासाहेबांनी यावर स्वतंत्र लेख लिहिला, 'फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स'. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आहे. इंग्रजी जड वाटलं तरी वाचा. व्याख्या ठरवणारा माणूस न बोलता, न भांडता तुम्हाला कागदावरून कसा पुसून टाकू शकतो, ते त्यात आहे.

बाबासाहेब आकड्यांचे माणूस होते, हे आपण जयंतीच्या भाषणांत कमी सांगतो. १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. पुढे रुपयाचा प्रश्न, प्रांतिक अर्थव्यवस्था. सगळीकडे तक्ते आहेत. भावना होतीच, पण ती तक्त्यावर उभी होती.

आता आजच्या काळात या. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली. त्यातलं १७.१८ हे लक्ष्य आकडेवारीबद्दल आहे. माहिती कोणकोणत्या गटांनुसार वेगळी करून दाखवायची, याची यादी त्यात आहे: उत्पन्न, लिंगभाव, वय, वंश, वांशिक समूह, स्थलांतराची स्थिती, अपंगत्व, भौगोलिक ठिकाण. या यादीत जात नाही. शेवटी "राष्ट्रीय संदर्भात महत्त्वाची इतर वैशिष्ट्यं" असे शब्द आहेत. जात त्या 'इतर'मध्ये बसते, पण कोणीतरी बसवली तरच. २००१ च्या डर्बन परिषदेत वंशभेदाच्या चर्चेत जात आणायला आपल्याच सरकारने विरोध केला होता, हे लक्षात ठेवा. त्यामुळे जातीचा रकाना आपोआप येईल असं समजू नका.

तो रकाना आला की काय दिसतं? २०२१ मध्ये यूएनडीपी आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बहुआयामी गरिबीचा जागतिक अहवाल काढला. त्यात भारताचे २०१५-१६ च्या सर्वेक्षणावरचे आकडे जातीनुसार मांडले आहेत. अनुसूचित जमातींमध्ये ५०.६ टक्के लोक गरीब, अनुसूचित जातींमध्ये ३३.३ टक्के, ओबीसींमध्ये २७.२ टक्के आणि बाकीच्यांमध्ये १५.६ टक्के. देशातल्या दर सहा गरिबांपैकी पाच जण एससी, एसटी किंवा ओबीसी घरातले. हीच माहिती जातीशिवाय छापली असती, तर 'भारतात गरिबी आहे' एवढंच कळलं असतं. ते आपल्या आज्यांनाही माहीत होतं.

मी इंटर्न होते तेव्हा एका अहवालाचे तक्ते करत होते. राज्य, शहर-गाव, स्त्री-पुरुष असे तक्ते झाले. मी जातीचाही केला. वरिष्ठ म्हणाले, "जात टाकली की चित्र गुंतागुंतीचं होतं, मूळ मुद्दा हरवतो." ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या घरात जात हा मुद्दा कधी आलाच नव्हता, एवढंच. मी वाद घातला नाही. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले आणि गावांतल्या गरीब घरांपैकी किती घरं कोणत्या प्रवर्गातली, हे एका ओळीत लिहून दिलं. जातीचा तक्ता शेवटच्या परिशिष्टात गेला. मुख्य भागात गेला नाही. पण गेला. पुढे त्यावर काम करणाऱ्याला तो सापडेल.

आता इथलं उदाहरण. सहरिया समाज तुम्ही पाहिला आहे. ललितपूर जिल्ह्यात तो अनुसूचित जमातीत मोडतो. झाशी जिल्ह्यात तोच समाज अनुसूचित जातीत मोडतो. सीमा ओलांडून मध्य प्रदेशात शिवपुरीला गेलात, की तो विशेष असुरक्षित आदिवासी गटात येतो. बोली, देव, नातीगोती एकच. कोल समाजाचंही तसंच: उत्तर प्रदेशात एससी, मध्य प्रदेशात एसटी. दिल्लीत बसून 'झाशीतले आदिवासी' आणि 'ललितपूरमधले आदिवासी' यांची तुलना करणाऱ्याला वाटेल की तो दोन जिल्ह्यांची तुलना करतो आहे. खरं तर तो दोन याद्यांची तुलना करत असतो. हे त्याला कोण सांगणार? जो इथे राहिला आहे तो.

आणि आपलंच घ्या. झाशी विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होता, मुख्यालय मुंबईला. म्हणून आपल्याकडची कितीतरी घरं बदलीवर इथे आली आणि इथलीच झाली. उत्तर प्रदेशच्या अनुसूचित जातींच्या यादीत महार ही नोंद नाही. एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटलं आहे. म्हणजे या खोलीतल्या काही जणांना राज्याच्या फॉर्मवर खुल्या प्रवर्गात बसावं लागतं. वर्गवारी चुकली की माणसाचं काय होतं, हे तुम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. मी तुम्हाला अर्ज करा म्हणते ते याच कारणासाठी. सीव्हीची शोभा वाढावी म्हणून नाही.

आता पैसे. याबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून मी बोलते.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी आहे. न्यूयॉर्कचा सांख्यिकी विभाग आणि बँकॉकचं एस्कॅप ही दोन्ही सचिवालयातच येतात. कालावधी साधारण दोन ते सहा महिने. प्रवास, व्हिसा, राहणं, विमा सगळं स्वतःच्या खिशातून. २०१५ साली जिनिव्हात असाच एक तरुण इंटर्न तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. त्या शहरात बिनपगारी राहणं श्रीमंत देशातल्या मुलालाही जड जातं. आपल्याकडे नीती आयोगाची इंटर्नशिपही विनामोबदला आहे.

दुसरीकडे यूएनडीपी, युनिसेफ, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना इथे इंटर्नला मानधन देण्याची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून ते सुरू केलं. वर्ल्ड बँकेत तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात. आपल्या केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या इंटर्नशिपलाही मानधन आहे, आणि ज्या सर्वेक्षणांवर या आंतरराष्ट्रीय संस्था विसंबतात त्यातली बरीच तिथेच होतात. तेव्हा आधी मानधन देणाऱ्या जागा, मग बाकीच्या. रक्कम जाहिरातीत वाचा, नसेल तर ईमेल करून विचारा. पैशाबद्दल विचारणं म्हणजे हावरटपणा असं आपल्याला शिकवलं गेलं आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांकडून गावाने पिढ्यान्‌पिढ्या फुकट वेठ करून घेतली, त्यांनी मजुरी विचारायला लाजायचं कारण नाही.

बाबासाहेबांनाही कोलंबियाला जायला बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती लागली होती. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बुद्धी त्यांची होतीच, पण बोटीचं तिकीट बुद्धीने मिळत नाही. म्हणून घरी बसून कागदावर हिशेब करा: खोली, मेस, मेट्रो, घरी पाठवायचे पैसे. मानधनातून भागत नसेल तर किती कमी पडतात ते लिहा. पीएचडीची फेलोशिप असेल तर रजेचा नियम विद्यापीठाकडून लेखी घ्या. आणि एक इशारा: संयुक्त राष्ट्रं अर्जाच्या कोणत्याही टप्प्यावर फी घेत नाहीत. कोणी 'प्रोसेसिंग'चे पैसे मागितले, तर तो भामटा आहे. फोन ठेवून द्या.

आता अर्ज. पात्रता आधी पाहा. सचिवालयात पदव्युत्तर किंवा पीएचडीला नाव असलेले आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले विद्यार्थी चालतात. म्हणजे ही दारं शिकत असतानाच उघडतात. 'आधी डिग्री पूर्ण होऊ दे, मग बघू' असं करू नका.  विषय सांख्यिकीच हवा असं दर वेळी नसतं. अर्थशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, समाजशास्त्र चालणाऱ्या जाहिराती असतात. मी समाजशास्त्राचीच.

सीव्हीत आपण काय लिहितो? परीक्षा, टक्के आणि 'हार्ड वर्किंग'. खरं काम लिहीत नाही, कारण ते आपल्याला काम वाटतच नाही. आईच्या बचतगटाची वही तुम्ही ठेवता ना? किती सभासद, किती महिने, हिशेब जुळवताना कोणती चूक सापडली, हे लिहा. वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरता? किती भरले, किती परत आले, कोणत्या कागदामुळे आले, याचा एक तक्ता करा. इंग्रजीत यालाच डेटा कलेक्शन आणि डेटा क्लीनिंग म्हणतात. वाढवून सांगू नका. केलंय तेवढंच आकड्यासकट सांगा.

सोबत कामाचा एक नमुना तयार ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं झाशी जिल्ह्याचं माहितीपत्रक फुकट मिळतं. पाचव्या फेरीच्या त्या पत्रकात शंभराहून अधिक निर्देशक आहेत: बालकांचं कुपोषण, पंडुरोग, शौचालय, मुलींचं शिक्षण. जातीनुसार एकही नाही. जिथे चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक अनुसूचित जातींचे आहेत, त्या जिल्ह्याची ही गोष्ट. का नाही, यावर दोन पानं लिहा. पण 'हे मनुवादी षडयंत्र आहे' एवढं लिहून थांबू नका. त्या फेरीत देशभर सुमारे ६ लाख ३६ हजार घरं आणि ७०७ जिल्हे होते, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं. त्यांचे जातीनुसार तुकडे केले की प्रत्येक तुकडा लहान होतो आणि अंदाज डळमळीत होतो. हे आधी मान्य करा. मग विचारा: नमुना कुठे वाढवता येईल? शेजारचे जिल्हे एकत्र घेऊन पाहता येईल का? बुंदेलखंडाचे उत्तर प्रदेशातले सात जिल्हे एकत्र घेतले तर? सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की अनेक सर्वेक्षणांची मूळ माहिती फुकट मिळते, आणि ती वाचायला लागणारी 'आर' ही संगणक प्रणालीही फुकट आहे. अशी दोन पानं लिहिलेल्या उमेदवाराला मग कॉलेजचं नाव कोणी फारसं विचारत नाही.

लेखी चाचणी असते. त्यात मोठं गणित क्वचित येतं, साध्या गोष्टी नीट विचारतात. मघाचेच आकडे घ्या. ३३.३ आणि १५.६ यांत फरक किती? १७.७ टक्के म्हणालात तर चूक. तो १७.७ टक्के-बिंदूंचा फरक आहे. प्रमाण काढलं तर पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे. सरासरी आणि मध्यक, नमुन्याचं भारांकन, गाळलेली उत्तरं, एवढं पक्कं करा.

मुलाखतीत 'तुम्ही काय कराल' यापेक्षा 'तुम्ही काय केलं' हे जास्त विचारतात. प्रसंग, तुमचं काम, त्याचं फळ, या क्रमाने चार प्रसंग तयार ठेवा. इंग्रजीला घाबरू नका. तिथलं इंग्रजी साहित्याचं नसतं. तेच तेच दोनशे शब्द फिरवून वापरतात. त्यांचे तीन अहवाल नीट वाचले की ते हाती येतात. लहान वाक्यं बोला.

शिफारसपत्रासाठी विभागप्रमुखच हवेत असं नाही. ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुमचं काम पाहिलं आहे त्यांना विचारा, तीन आठवडे आधी, आणि सोबत तुमच्या कामाचं एक पान द्या. चांगलं शिफारसपत्र मोठ्या सहीने होत नाही. तपशिलाने होतं.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. अर्जात जात लिहायची का? लिहा असंही मी म्हणणार नाही आणि लपवा असंही नाही. तो हक्क तुमचा आहे. पण एक नक्की सांगते. या क्षेत्रात दुःखाच्या कहाणीला बाजार आहे. 'झोपडीतून इथवर' असं लिहिलं की वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात, आणि तुम्ही त्याच्या लेखी लाभार्थी होता. मग तुमचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर येतो, तक्ता मात्र दुसराच करतो. आपल्याला तक्त्याच्या बाजूला बसायचं आहे. म्हणून सहरिया समाजाची नोंद तीन ठिकाणी तीन प्रकारे होते हे मला कळतं, आणि त्याने तुमच्या अंदाजात काय चूक येते हे मी दाखवू शकते, असं लिहा. तुमचं जगणं त्यात येतंच. फक्त ते दयेसाठी पसरलेला हात म्हणून येत नाही, कामाची पात्रता म्हणून येतं.

बऱ्याच अर्जांना उत्तर येणार नाही. मलाही पहिल्या दोन अर्जांना आलं नव्हतं. अशा जागांना जगभरातून अर्ज येतात. त्यात ज्यांचे मामा-काका त्या क्षेत्रात आहेत, त्यांचा अर्ज पाठवण्याआधी कोणीतरी घरीच तपासून देतं. आपले काका रेल्वेत फिटर होते, गार्ड होते. इथून गतिमान एक्सप्रेस निजामुद्दीनला सोडते, आणि यूएनडीपी, युनिसेफ, वर्ल्ड बँक यांची कार्यालयं आहेत ते लोधी इस्टेट तिथून जवळच आहे. पण त्या कार्यालयात आपल्या ओळखीचं कोणी बसलेलं नसतं. ही उणीव एकट्याने भरून निघत नाही. त्यासाठी संघटन लागतं.

म्हणून आज तीन गोष्टी ठरवून उठू या. एक, पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपला सीव्ही आणि कामाच्या नमुन्याचं पहिलं पान घेऊन यायचं, आणि एकमेकांचं तपासायचं. दोन, ज्याने जिथे अर्ज केला ती जाहिरात, चाचणीत काय विचारलं आणि किती मानधन मिळालं, हे एका सामायिक वहीत लिहायचं, म्हणजे पुढच्या मुलीला माझ्यासारखी शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. तीन, नोकरीला लागलेल्यांनी महिन्याला जमेल तेवढे पैसे बाजूला ठेवायचे, निवड झालेल्या कोणाचंही पहिल्या महिन्याच्या खोलीभाड्यावाचून अडू नये म्हणून. काका, तुम्ही आत्ता मान हलवलीत, ती मी नोंदवून ठेवली आहे.

जनगणना, सर्वेक्षणं, अहवाल पुढेही होत राहतील आणि प्रत्येकात कोणता रकाना ठेवायचा, कोणता गाळायचा हे ठरत राहील. ते ठरतं त्या टेबलावर आपलं माणूस हवं, आणि त्याला आकडे नीट यायला हवेत. १९३२ साली ते काम बाबासाहेबांनी जवळजवळ एकट्याने केलं. आज या खोलीत आपण तीस-पस्तीस जण आहोत.

प्रश्न विचारा. जय भीम.